महादेव डोंगररांगेतील गवताळ वनस्पतिसमूह

सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेल्या शंभू महादेव रांगेच्या पर्जन्यछायेतील उतारांवर व माथ्यांवर आढळणारे गवत, काटेरी झुडपे आणि विरळ वृक्षांचे स्थानिक समूह. माण, खटाव, फलटण या भागांत पाऊस वर्षाला साधारण ५०० मिमीच्या आसपास, तोही लहरी. वीतभर मुरमाड मातीखाली लगेच बसाल्ट लागतो. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली केलेल्या वर्गीकरणात दख्खनची ही कुरणे सेहिमा–डायकँथियम प्रकारात मोडतात.

राखलेल्या उतारावर शेडा (सेहिमा नर्व्होसम) आणि डोंगरी गवत, तर माती साचलेल्या सखल जागी मारवेल वाढते. सर्वत्र भेटणारे गवत म्हणजे कुसळी. तिच्या बीजाची टोकदार शेपटी पिळलेली असते; ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी जमिनीत शिरते. मेंढीच्या लोकरीतून कातडीतही ते असेच घुसते, म्हणून कुसळ धरल्यावर धनगर त्या रानात कळप घालायला नाखूष असतात. गवतात अधूनमधून हिवर, बोर, मेडशिंगी दिसतात. खडकाच्या भेगांत बिनपानांची मांसल माकडशिंगी तग धरते. खरपुडीचा वेल पावसापुरता वर येतो, एरवी तिचा कंद मातीखाली निजलेला असतो. गुराखी तो उकरून खातात.

चराई वाढली की रुचकर बहुवर्षायू गवते आधी संपतात. मग कुसळी माजते, तीही हटली की हंगामी गवते आणि जनावरे तोंड न लावणारा तरवड उरतो. अशा रानाची सरकारदप्तरी ‘पडीक’ म्हणून नोंद होते व तेथे गिरिपुष्पाची रोपे लावली जातात. हे लागवडीचे धोरण चुकीचे आहे. सावलीत ही गवते खुरटतात आणि खड्डे खणताना त्यांची जुनी ठोंबे उखडली जातात. चिंकारा, लांडगा, खोकड यांचे मोकळे रानही आक्रसते.

ठोंबे शाबूत असतील तर कुरण सावरते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी पाळून गवत कापून नेण्याची पद्धत रुजवली, आणि तेथे चारा वाढला. कापणी बी गळल्यावर करावी. आधी विळा लावला तर पुढच्या पावसाला नवी रोपे उगवत नाहीत.