रंगकामाचा व्यवसाय : परवाना नाही, नोंदण्या मात्र अनेक

घरांच्या रंगकामाचा व्यवसाय सुरू करण्यासाठी महाराष्ट्रात 'रंगारी' म्हणून स्वतंत्र परवाना घ्यावा लागत नाही. तार-जोडणी करणाऱ्या वीज कंत्राटदाराला परवाना लागतो, तशी परीक्षा किंवा पात्रतेची अट या व्यवसायाला नाही. त्यामुळे थोड्या भांडवलात त्यात उतरता येते. मात्र परवाना नाही म्हणजे कायदेशीर जबाबदारीही नाही, हा समज चुकीचा आहे.

आस्थापनेची नोंद

कार्यालय किंवा दुकान थाटणाऱ्याला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो. मोठ्या आस्थापनांना नोंदणी करावी लागते, तर मोजके कामगार असलेल्या छोट्या आस्थापनांना व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना देणे पुरेसे असते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे.

केंद्र सरकारची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती आधारवर आधारित, विनाशुल्क आणि ऐच्छिक आहे. बँकेचे कर्ज मिळवताना तिचा उपयोग होतो.

करांचे गणित

स्वतंत्र व्यावसायिकाला व्यवसाय कराची नोंद करावी लागते. त्याचा कमाल दर वर्षाला २,५०० रुपये आहे. सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास वस्तू व सेवा कराची (जीएसटी) नोंदणी अनिवार्य ठरते.

नवख्या ठेकेदाराची गफलत होते ती येथेच. काम साहित्यासह घेतले असेल, तर रंग, लांबी आणि प्राइमर यांची किंमतही उलाढालीत धरली जाते. केवळ मजुरी नव्हे. दोन-तीन मोठ्या इमारतींची कामे मिळाली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रंगकामावर कराचा दर १८ टक्के आहे. ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना सहा टक्क्यांची आपसमेळ योजना निवडता येते. मात्र त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर आकारता येत नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना ठेकेदाराच्या बिलातून उद्गम करकपात करावी लागते. एका बिलाची रक्कम ३० हजारांहून किंवा वर्षाची एकूण रक्कम एक लाखाहून अधिक झाल्यास वैयक्तिक ठेकेदाराकडून एक टक्का, तर भागीदारी संस्था किंवा कंपनीकडून दोन टक्के रक्कम कापली जाते. पॅन दिला नसेल, तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते.

कामगारांची जबाबदारी

सर्वांत गंभीर बाब कामगारांची आहे. बाहेरील भिंतींचे रंगकाम परांचीवर किंवा दोरखंडाच्या झुल्यावर चालते. मजूर रोजंदारीवर असला आणि लेखी करार नसला, तरी अपघात झाल्यास भरपाई देण्याचे दायित्व त्याला कामावर ठेवणाऱ्या ठेकेदारावर येते. १९२३ च्या भरपाई कायद्यातील ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, तर कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढली जाते. तरुण मजुराच्या बाबतीत ही रक्कम लहान ठेकेदाराला कंगाल करू शकते. म्हणून कामगार विमा उतरवणे आणि हजेरीपट ठेवणे आवश्यक ठरते.

दहा कामगारांपासून कर्मचारी राज्य विमा, तर वीसपासून भविष्य निर्वाह निधीच्या तरतुदी लागू होतात. वर्षात किमान ९० दिवस बांधकामाशी संबंधित काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील मजुरांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद करता येते.

ग्राहकांनी काय पाहावे?

काम देण्यापूर्वी पॅन, उलाढालीनुसार जीएसटी क्रमांक आणि कामगार विम्याची प्रत मागावी. घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे; डब्यावरील तशी नोंदही तपासावी. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारताना त्या दरात मजुरांचा विमा धरला आहे का, हे संस्थेने विचारलेच पाहिजे.