हरलेल्या संघाचे सदरे

३ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात सुपर बोलचा सामना झाला. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन, धडका देत-घेत पुढे सरकण्याचा तो खेळ आहे आणि सुपर बोल हा त्याच्या मोसमाचा शेवटचा, अजिंक्यपदाचा सामना. न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ त्या मोसमातले अठराही सामने जिंकून आला होता. एकोणिसावा जिंकला तर हवेत म्हणून '१९-०' असा आकडा आणि अजिंक्यपदाची ग्वाही छापलेले सदरे आधीच तयार होते. न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना १७-१४ असे हरवले. ते सदरे पुढे निकाराग्वातल्या गरीब मुलांच्या अंगावर दिसले.

यात अपघात काहीच नव्हता. ही व्यवस्थाच आहे. सामना संपताक्षणी विजयी खेळाडूंच्या अंगात विजयाचा सदरा हवा आणि त्याच रात्री दुकानांत तो विकायला हवा, म्हणून दोन्ही संघांच्या नावाचा माल आधीच छापून ठेवतात. एकाचा खपतो. दुसऱ्याचे काय करायचे? १९९० च्या दशकापासून तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगने हा दुसरा माल वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेकडे सोपवायला सुरुवात केली. २०११ साली पिट्सबर्ग स्टीलर्स हरले तेव्हा त्यांच्या विजयाचे सदरे झांबिया, आर्मेनिया, निकाराग्वा आणि रुमानिया या देशांना गेले. २०१५ पासून हे काम दुसऱ्या संस्थेकडे आले, पण रीत तीच राहिली.

या दानाला एक अट होती, आणि सगळा अर्थ तिच्यात आहे. हा माल अमेरिकेत कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये. म्हणजे शिकागोच्या किंवा पिट्सबर्गच्या गरीब वस्तीतल्या काळ्या पोराला थंडीत सदरा हवा असला, तरी हा त्याला मिळणार नाही. तो घालून पोरगा रस्त्यावर आला तर संघाचे हसे होईल. तेव्हा गरज पाहून माणूस निवडला असे म्हणता येत नाही. आधी अंतर पाहिले, गरज मागाहून. ज्याच्याकडे आपले कोणी पाहत नाही, असा माणूस शोधला गेला.

आपल्या भाषेत अशा कापडाला उतरण म्हणतात. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. परंतु निकाराग्वातला सदरा ही उतरणसुद्धा नव्हे. तो कोराच होता, कोणाच्याही अंगावर चढलेला नव्हता. त्याच्यावरून उतरली होती ती फक्त किंमत.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे आणि चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असेही. गावगाड्याने हे नियम कसोशीने पाळले. मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' ठरला. या शब्दाची लबाडी पाहण्यासारखी आहे. जो नाकारता येत नाही तो कसला हक्क? महाडला १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी शिळे तुकडे आणि मेलेल्या ढोरांचे मांस सोडायला सांगितले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली, ती या नाकारण्याच्या अधिकारासाठी.

आता घाना देशाकडे पाहा. युरोप-अमेरिकेतून गठ्ठ्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांना तिथले लोक 'ओब्रोनी वावू' म्हणतात. अर्थ होतो, मेलेल्या गोऱ्याचे कपडे. इतके धड कपडे जिवंत माणूस कशाला टाकील, तेव्हा मालक मेलाच असणार, असा त्यांचा तर्क. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना मनूचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी ते नेमक्या त्याच जागी येऊन पोहोचले. झांबियात याच मालाला 'सलाउला' म्हणतात. ढिगात हात घालून उपसून काढणे असा त्या बेंबा शब्दाचा आशय आहे.

मानहानीचा हिशेब मांडता येत नाही, पण कापडाचा मांडता येतो. गार्थ फ्रेझर या अर्थशास्त्रज्ञाने २००८ साली दाखवले की १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतील तयार कपड्यांच्या उत्पादनात जी घट झाली, तिचा सुमारे ४० टक्के भाग या जुन्या कपड्यांच्या आयातीमुळे होता. झांबियात १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि सलाउलाचे ढीग वाढले. काब्वे गावची, चीनच्या मदतीने उभी राहिलेली मुलुंगुशी कापडगिरणी २००० च्या दशकात थांबली. सगळा दोष जुन्या कपड्यांचा नव्हे, स्वस्त नवा परदेशी मालही होताच. फुटबॉलचे सदरे तर या महापुरातली ओंजळभर. पण ओंजळ देणाऱ्याचा फोटो निघतो.

रवांडाने नाही म्हणून पाहिले. २०१६ साली त्या देशाने जुन्या कपड्यांवरची जकात किलोमागे २० सेंटवरून अडीच डॉलरवर नेली. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या सरकारकडे तक्रार केली आणि २०१८ साली रवांडाच्या तयार कपड्यांना अमेरिकेत असलेली जकातमाफी स्थगित झाली. दान नाकारले म्हणून दंड! आमच्या म्हाताऱ्यांना हे ऐकून मुळीच आश्चर्य वाटणार नाही. येसकराने भाकर मागायला जायचे बंद केले, तेव्हा गावाने काय केले हे त्यांना माहीत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलगा उघडा आहे, त्याला सदरा मिळाला. तुमचा स्वाभिमान त्याची थंडी घालवणार आहे काय? नाही घालवणार. त्या मुलाने तो सदरा जरूर घालावा. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या कोणालाच नाही. माझा प्रश्न देणाऱ्यापाशी आहे. त्या मुलाला काय हवे हे त्याने एकदा तरी विचारले होते काय?

विचारले नाही तरी मागता येते, आणि खेळाच्याच बाबतीत याचा दाखला दक्षिण आफ्रिकेत आहे. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात वर्णद्वेषी सरकारने डांबलेले राजकीय कैदी दिवसभर खाणीत दगड फोडत. कोठडीत चिंध्यांचा चेंडू करून खेळत. उघड्यावर फुटबॉल खेळू द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. मागणाऱ्याचे जेवण तोडले जाई. पुढच्या वेळी दुसरा उठून तेच मागे. अशी तीन वर्षे गेली. १९६७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. मग त्यांनी मैदान स्वतः तयार केले, १९६९ साली मकाना फुटबॉल असोसिएशन स्थापन केली, फिफाच्या नियमांनी सामने घेतले, पंचांच्या परीक्षा घेतल्या, तक्रारींची रीतसर सुनावणी केली. त्या संघटनेत काम केलेले डिकगांग मोसेनेके पुढे त्या देशाचे उपसरन्यायाधीश झाले. फिफाने २००७ साली या संघटनेला मानद सदस्यत्व दिले. तिची कागदपत्रे खोक्या-खोक्यांनी वेस्टर्न केप विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांत तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले अर्ज आहेत, संघासंघांतली भांडणे आहेत, आणि पंचाचा निर्णय कसा चुकला हे कलमवार सांगणारी लांबलचक पत्रे आहेत.