मैदानावरचा कॅमेरा कोणाच्या हातात?

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात बंजारा स्त्रियांची छायाचित्रे आहेत. एका छायाचित्रात डोक्यावर शिंगासारखे उंच शिरोभूषण घातलेल्या बायका दिसतात. चित्राखाली जमात लिहिली आहे, शिरोभूषणाचाही उल्लेख आहे. नाव मात्र एकीचेही नाही. या समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र पोहरादेवी आज आपल्या वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत पालकांनी मुलांचे फोटो काढावेत की नाही, या आजच्या वादाचा त्या निनावी बायकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. फोटो कोण काढतो, कोणासाठी काढतो आणि काढलेला फोटो पुढे कुठे जातो, या तीन प्रश्नांवर फोटोचे बरेवाईट ठरते. आपल्या भागातल्या कॅमेऱ्याचा शंभर वर्षांचा प्रवास या तीन प्रश्नांनी पारखला, तर पालकाच्या हातातला कॅमेरा सर्वांत उशिरा आलेला दिसतो, आणि सर्वांत कमी उपद्रवीही.

खेळ आणि कॅमेरा यांची आपल्याकडची गाठ जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने काढलेल्या अगदी पहिल्या चित्रफितींत तिची गणना होते. ती कुस्ती खास कॅमेऱ्यासाठी लावलेली होती आणि दोघेही पैलवान आपण कशासाठी उतरलो आहोत हे जाणून होते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके द्यायला गेला, याचा वऱ्हाडाला आजही अभिमान आहे. त्याच ऑलिम्पिकवर जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनस्टाल हिने काढलेला चित्रपट १९३८ साली पडद्यावर आला आणि खेळाडूंची कमावलेली शरीरे नाझी राजवटीच्या जाहिरातीला कशी जुंपता येतात, हे त्यातून दिसले. एका कॅमेऱ्यापुढे माणसे समजून उभी राहिली होती. दुसऱ्यापुढे धावणाऱ्यांच्या हाती आपल्या चित्राचे पुढे काय होणार हे नव्हते. मोठ्यांची ही गत, तर दहा वर्षांच्या पोराची काळजी वाटणे साहजिकच आहे. पण ती काळजी नेमकी कोणाविषयी करायची, हे आधी ठरवावे लागेल.

शाळेच्या मैदानाशी फोटोचे नाते जुळले ते ढालीमुळे. जुन्या शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत असा एखादा फोटो हमखास टांगलेला असे. मधल्या खुर्चीवर मुख्याध्यापक, शेजारी पीटीचे सर, मागे हाताची घडी घालून उभी असलेली मुले, पुढे मांडी घालून बसलेला कर्णधार, त्याच्यासमोर जिंकलेली ढाल आणि पाटीवर खडूने लिहिलेले वर्ष. सगळ्यांचे चेहरे श्वास रोखल्यासारखे, कारण फोटोग्राफरने हलू नका म्हणून बजावलेले. हा फोटो शाळेचा असे आणि शाळेतच राही. त्यात हरलेला चमू नसे, पळणारे पाय नसत आणि मुली क्वचितच असत. ज्याच्या अंगावर विजयाची माती होती, त्याच्या घरी मात्र बहुधा त्याची प्रत पोचत नसे. वाशिमच्या बाबतीत त्यात अंतराचीही भर पडली. १९०५ साली वाशिमचा जिल्हा मोडून तो अकोल्यात घातला गेला आणि पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मधली ९३ वर्षे जिल्हा म्हणजे अकोला. रिसोड-मालेगावकडचा चमू जिल्हा पातळीवर पोचला, तरी त्याचा सामना बघायला मजुरी बुडवून अकोल्याला कोणाचे आईबाप जाणार? पोरगा कसा खेळला, हे घरच्यांनी ऐकलेच फक्त.

कॅमेरा घरात शिरला तोही सगळ्यांच्या घरी एकदम शिरला नाही. बडोद्यात तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री हा साधा पेटी-कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत दिसू लागला. एका रिळात १२ फोटो, तेही उन्हात काढले तरच धड येणार, आणि धुऊन येईपर्यंत वाट पाहायची. बारापैकी बारसे, लग्न आणि देवदर्शन वजा जाता खो-खोच्या सामन्यासाठी किती उरत असतील, याचा हिशेब कोणीही करावा. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेरा आला, पुढे डिजिटल कॅमेरे आले, तरी शेतमजुराच्या घरी कॅमेरा ही चीज नव्हतीच. ती आली मोबाइलच्या पोटात बसून, आणि २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर फोटो पाठवणेही जवळपास फुकट झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषेवरून सुटताना, तिची वेणी हवेत असताना, तिच्या बापाने काढलेला फोटो ही या इतिहासातली अगदी अलीकडची गोष्ट आहे. सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्यांच्या घरी फोटोंचे अल्बम आधीपासून आहेत, त्यांचे बंदीने फारसे अडणार नाही. ज्यांना ही सोय आत्ता कुठे मिळाली, त्यांच्याच हातून ती जाईल.

आणखी एक विसंगती आहे. पालकाने फोटो काढला की भुवया उंचावतात. शाळेने, खात्याने काढला की तो अहवाल ठरतो. २०१६ च्या नोव्हेंबरात राज्याच्या शिक्षण विभागाने आदेश काढला होता की शिक्षकांनी दहा-दहा विद्यार्थ्यांच्या गटासोबत सेल्फी काढून खात्याच्या सरल या ऑनलाइन प्रणालीवर चढवावेत. हेतू गळती आणि गैरहजेरी रोखण्याचा होता. शिक्षकांचा विरोध झाला आणि २०१७ च्या जानेवारीत तो आदेश थांबवावा लागला. आदेश थांबला, सवय थांबली नाही. आज कुठलाही उपक्रम, मग ती प्रभातफेरी असो की केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा, फोटोशिवाय झाला असे कोणी मानत नाही. शिक्षकाच्या मोबाइलवरून तो केंद्राच्या गटात जातो, तिथून तालुक्याच्या, तिथून आणखी वर. शाळेच्या फेसबुक पानावर जातो, वार्ताहराकडे जातो. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. पण मुलाची संमती, पालकाची संमती, फोटो किती दिवस ठेवायचा, या गोष्टी या साखळीत कोणी विचारत नाही. १९१६ च्या ग्रंथातला फोटो ज्या जातीचा होता, त्याच जातीचा हा आहे: काढणाऱ्याच्या नोंदीसाठी काढलेला. फरक इतकाच की आता तो एका दिवसात हजार जणांकडे पोचतो.

पालकांनी फोटो काढण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप विकृत माणसांच्या भीतीचा आहे. खेळाच्या आखूड कपड्यांतली मुले, विशेषतः मुली, आणि त्यांचे फोटो जमवणारे लोक, ही भीती खोटी नाही. जपानच्या ऑलिम्पिक समितीने २०२० साली खेळाडूंचे चोरून, आक्षेपार्ह रीतीने चित्रण करण्याविरुद्ध जाहीर मोहीम हाती घेतली, कारण प्रकार तेवढे वाढले होते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने साध्या फोटोवरून अश्लील चित्र बनवता येते. पण या भीतीचे उत्तर आईबापांच्या मोबाइलवर बंदी हे कसे होईल? विकृत माणूस मैदानाच्या कुंपणाबाहेरूनही फोटो काढू शकतो, आणि आंतरजालावर मोकळे टाकलेले फोटो तर त्याला घरबसल्या मिळतात. त्याच्यासाठी कायदा आहे: २०१२ चा पोक्सो कायदा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मुलांची अश्लील चित्रे बाळगण्याबाबतही कठोर भूमिका घेतली आहे. शिवाय पालक मैदानाभोवती उभे असणे हीच अनोळखी माणसावरची पहिली नजर असते. कोण कोणाचा बाप, कोण कोणाचा मामा, हे गावाच्या मैदानावर सगळ्यांना ठाऊक असते. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला हटकले जाते. पालकांना संशयित ठरवून दूर सारले, तर ही नजरच जाईल.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. आपल्या मुलीचा फोटो काढताना चौकटीत दुसऱ्यांची मुले येतातच. कबड्डीत एकटा खेळाडू टिपता येत नाही. त्या दुसऱ्या मुलांत एखादे असे असते, ज्याची आई नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून माहेरी राहते आहे आणि मूल कुठल्या शाळेत आहे हे बापाला कळू नये अशी तिची धडपड आहे. एखादी मुलगी अशी असते, जिच्या घरी खेळालाच मोठ्या मुश्किलीने परवानगी मिळालेली असते. हाफपँटमधला तिचा फोटो भावकीच्या गटात फिरला तर खेळ कायमचा सुटायचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी जिंकला, तेव्हा तिचे फोटो घरोघर पोचले आणि ते पोचायलाच हवे होते. पण ती प्रसिद्धी जाणत्या खेळाडूने स्वीकारलेली असते. चौथीतल्या लंगडी खेळणाऱ्या पोरीने असे काही स्वीकारलेले नसते. म्हणून हा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र तो फोटो काढण्यावरचा नाही, फोटो पसरवण्यावरचा आहे. बापाच्या मोबाइलात राहिलेल्या फोटोने कोणाचे नुकसान होत नाही. स्टेटसवर, रीलमध्ये, दोनशे जणांच्या गटात गेलेल्या फोटोने होऊ शकते.

कायद्याची दिशाही हीच आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात आलेले नाही. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे बंधन टाकले, आणि व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला. म्हणजे घरच्यासाठी फोटो काढणारी आई बाहेर, आणि फोटो साठवणारी, प्रसिद्ध करणारी संस्था आत. ब्रिटनमध्ये काही शाळांनी माहिती संरक्षण कायद्याचा हवाला देऊन पालकांना क्रीडादिनी कॅमेरे आणायला मनाई केली, तेव्हा तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाला स्पष्ट करावे लागले की घरगुती अल्बमसाठी फोटो काढायला तो कायदा आड येत नाही. आपण तीच चूक करायचे कारण नाही.

तरीही बंदी सोपी, नियम अवघड, असे कोणी म्हणेल. बंदीमुळे मुख्याध्यापकांची जबाबदारी कागदावर संपते हे खरे, पण शेकडो पालकांचे मोबाइल तपासत बसणे कोणत्या शाळेला जमणार आहे? न पाळता येणाऱ्या बंदीपेक्षा पाळता येणारा रिवाज बरा, आणि मैदानाला रिवाज नवे नाहीत. सामना सुरू असताना रेषेच्या आत यायचे नाही, हे प्रेक्षकांना कोणी कायद्याने शिकवले नाही. तसेच चार गोष्टींचे करता येईल. आपल्या मुलांचे फोटो खुशाल काढावेत, पण कपडे बदलण्याच्या जागी आणि मूल पडले, रडले, जखमी झाले असताना नाही. ज्यात दुसऱ्याचे मूल ओळखू येते तो फोटो त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये. शाळेने वर्षाच्या सुरुवातीलाच मराठीत, एका पानावर, पालकांची संमती घ्यावी आणि ज्यांनी नकार दिला त्यांच्या मुलांना खेळातून न वगळता फोटोतून वगळावे. आणि मूल स्वतः नको म्हणाले, तर ते नको आईबापालाही लागू असावे. हे सारे सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून सांगायला दोन मिनिटे लागतात.

बंजारा बायकांच्या त्या छायाचित्राखाली नाव घालायला आता शंभर वर्षे उशीर झाला आहे. आजच्या मुलांचा फोटो तरी त्यांना नावाने हाक मारणाऱ्या माणसाने काढावा आणि त्यांच्याच घरात राहू द्यावा. पालकांना परवानगी द्यावी. संमतीचा जाब आधी शाळेने आणि खात्याने द्यावा.