उद्यानावरचे आकाश

१९३४ च्या भारतीय विमान कायद्यातील 'विमान' या शब्दाची व्याख्या भाषेच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावी अशी आहे. हवेच्या प्रतिक्रियेच्या आधाराने वातावरणात तरंगू शकणारे कोणतेही यंत्र म्हणजे विमान, एवढे सांगून ती थांबत नाही. बांधलेले आणि मोकळे फुगे, हवाई जहाजे, ग्लायडर यांच्या रांगेत ती पतंगालाही नावानिशी बसवते. १ जानेवारी २०२५ पासून या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. नाव संस्कृतप्रचुर झाले. पतंग मात्र व्याख्येत होता तिथेच राहिला. म्हणजे संक्रांतीला गच्चीवर उभा असलेला मुलगा अक्षरार्थाने पाहिले तर विमानच उडवत असतो. आपल्याला याचे हसू येते; परंतु सार्वजनिक बागेत हौसेने ड्रोन उडवावा की नाही, या आजच्या वादाची मुळे शोधताना हा पतंग फार उपयोगी पडतो.

कारण पतंग कायद्यात शिरला तो विमान म्हणून नव्हे. लंडनच्या १८३९ च्या महानगर पोलीस कायद्यात रस्त्यावरील उपद्रवांची एक लांबलचक यादी आहे. रहिवाशांना वा वाटसरूंना त्रास होईल अशा रीतीने पतंग उडवणे किंवा खेळ खेळणे आणि बर्फावर घसरगुंडी करणे, हे सारे तिथे एकाच कलमात येते. दंड ४० शिलिंगांपर्यंत. १८४७ मध्ये इंग्लंडमधील इतर शहरांसाठी झालेल्या कायद्यातही पतंग आणि बर्फावरची घसरगुंडी शेजारी शेजारीच आहेत. या कलमांमध्ये आकाश कुठेच नाही. रस्ता आहे आणि रस्त्याने जाणारा माणूस आहे. पतंग म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या एका व्रात्य पोराची कृती. शतक उलटायच्या आत तोच पतंग हिंदुस्थानच्या कायद्यात विमानांच्या पंगतीला जाऊन बसला. खेळणे तेच राहिले. कायदा मात्र आता जमिनीकडून वर पाहण्याऐवजी वरून खाली पाहू लागला होता.

वरून पाहायचे, तर वरचे कोणाचे हे ठरवावे लागते. जमीन ज्याची, तिच्यावरचे आकाशही त्याचेच, थेट स्वर्गापर्यंत, असे एक जुने लॅटिन सूत्र युरोपच्या न्यायशास्त्रात चालत आले होते. आकाशात पक्ष्यांखेरीज कोणी नव्हते तोवर हे औदार्य कोणालाच महाग पडले नाही. विमाने आली आणि ते अडचणीचे झाले. त्याचा निकाल अमेरिकेत लागला तो कोंबड्यांच्या निमित्ताने. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरोच्या विमानतळाजवळ कॉसबी नावाच्या शेतकऱ्याचे कुक्कुटपालन होते. युद्धकाळात लष्करी विमाने त्याच्या शेतावरून ८३ फुटांवरून उतरू लागली. घराच्या छपरापासून हे अंतर ६७ फूट भरे. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. सुमारे दीडशे गेल्या आणि धंदा बसला. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बहुमताचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी ते लॅटिन सूत्र मोडीत काढले: आधुनिक जगात आकाश हा सार्वजनिक महामार्ग आहे. मात्र कॉसबीला भरपाई मिळायला हवी, हेही त्यांनी मान्य केले. जमिनीला लगटून असलेला हवेचा थर मालकाच्या ताब्यात नसेल तर त्याला घर बांधता येणार नाही, झाड लावता येणार नाही, साधे कुंपणही घालता येणार नाही. म्हणून तेवढा थर त्याचा.

तो थर किती फुटांचा, हे डग्लस यांनी सांगितले नाही. त्या वेळी सांगण्याची गरजही भासली नसावी. परंतु आजचा हौशी ड्रोन उडतो तो नेमका याच अनुत्तरित थरात.

याच डग्लस यांची आणखी एक कथा आहे आणि ती मला त्यांच्या निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. पोटोमॅक नदीच्या काठाने जाणाऱ्या, वापरातून गेलेल्या चेसापीक-ओहायो कालव्यालगत मोटाररस्ता करावा, अशी योजना १९५०च्या दशकात पुढे आली. 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. त्यावर डग्लस यांनी संपादकांना जाहीर पत्र लिहिले आणि कालव्याच्या काठाने आपल्याबरोबर चालायला या, असे आवाहन केले. मार्च १९५४ मध्ये ही पदयात्रा निघाली. कालवा सुमारे १८५ मैलांचा. बरेच जण निघाले, पुरे अंतर चालून गेले ते नऊ. वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली, रस्ता झाला नाही आणि १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाला. आकाश वाहतुकीसाठी मोकळे करणारा माणूस आणि जमिनीवरची एक वाट वाहतुकीपासून वाचवणारा माणूस एकच होता. त्यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. उद्यान ही केवळ जागा नसते, ती एक प्रकारची शांतताही असते, हे त्यांना पायांनी उमगले होते. मात्र या उमजेला स्वतःच्याच निकालात जागा करून द्यावी, असा प्रसंग १९४६ मध्ये त्यांच्यासमोर आलेला नव्हता.

तो प्रसंग आला २०१४ मध्ये. ड्रोन तोपर्यंत दुकानात मिळू लागले होते. त्या वर्षीच्या वसंतात ग्रँड कॅन्यनच्या काठावर सूर्यास्त पाहत बसलेल्या लोकांच्या डोक्यावर एक ड्रोन बराच वेळ घरघरत राहिला आणि अखेर दरीत कोसळला. झायन उद्यानात एका ड्रोनने रानमेंढ्यांच्या कळपाला बिथरवले आणि काही मोठ्या मेंढ्यांची त्यांच्या पिल्लांपासून ताटातूट झाली. जूनमध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक जोनाथन जार्विस यांनी सर्व उद्यानांत बंदीचा आदेश काढला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. तरीही ऑगस्टमध्ये यलोस्टोनच्या 'ग्रँड प्रिझमॅटिक' या रंगीत उष्ण कुंडात एका परदेशी पर्यटकाचा ड्रोन पडलाच. डग्लस यांचा कालवाही अर्थात याच बंदीखाली येतो.

आता आदेशाची भाषा पाहावी. उद्यान सेवेच्या ताब्यातील जमिनीवरून वा पाण्यावरून ड्रोन उडवणे, उतरवणे किंवा चालवणे निषिद्ध आहे. हद्दीबाहेर उभे राहून कोणी तो उद्यानावरून नेला, तर या आदेशाचा हात तिथवर पोहोचत नाही. आकाश संघराज्याच्या विमान प्रशासनाचे. मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन शहराने हा भेद न जुमानता सार्वजनिक जागांवरून परवानगीशिवाय ड्रोन नेण्यास मनाई केली आणि खाजगी जमिनींवर चारशे फुटांखाली मालकाची संमती आवश्यक ठरवली. एका रहिवाशाने त्याला आव्हान दिले आणि २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने ही कलमे रद्द केली. न्यूयॉर्कला ही अडचण आली नाही, कारण तिथल्या १९४८ च्या नियमात ठरावीक जागांखेरीज शहरात कुठेही विमान उतरवण्यास वा उडवण्यास मनाई होतीच. पंच्याहत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, पोलीस परवान्याची सोय झाली. तिथल्या पाच उद्यानांत मात्र मॉडेल विमानांसाठी मैदाने राखलेली आहेत. मला हे उत्तर बंदीपेक्षा शहाणपणाचे वाटते. ज्याला उडवायचे आहे त्याला जागा आहे आणि ज्याला झाडाखाली वाचत पडायचे आहे त्यालाही ती कुठे नाही हे ठाऊक आहे.

मॉडेल विमानांचा छंद जुना. १९८१ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने त्या हौशी मंडळींना एक छोटेखानी सल्ला दिला: चारशे फुटांवर जाऊ नका, वस्तीपासून दूर उडवा. तो ऐच्छिक होता आणि तीसेक वर्षे पुरलाही, कारण विमान स्वतःच्या हाताने जोडण्यात ज्याचे अनेक रविवार गेले तो ते जपून उडवी. ड्रोनला हे उमेदवारीचे वर्ष नाही. खोक्यातून काढला की उडतो. खरे तर त्याचे कूळ छंदाचे नाहीच. ड्रोन म्हणजे नर मधमाशी, आणि हे नाव १९३५ च्या ब्रिटिश 'क्वीन बी' या तोफांच्या सरावासाठी केलेल्या वैमानिकविरहित विमानावरून आले असे मानले जाते. खेळणे कुठे संपते आणि विमान कुठे सुरू होते, याचे उत्तर २०१५ मध्ये वजनात दिले गेले: २५० ग्रॅम. ही संख्या काढताना तज्ज्ञांनी हिशेब केला होता तो इतक्या वजनाची वस्तू डोक्यावर पडली तर माणूस दगावण्याची शक्यता किती याचा.

हीच संख्या आपल्या नियमांतही आली. भारतात ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी ड्रोनवर सरसकट मनाई झाली, डिसेंबर २०१८ पासून क्लिष्ट परवान्यांची पद्धत लागू झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ती बरीच सैल केली. २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो' ड्रोन उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायासाठी नसेल तर त्यालाही नाही. नकाशावर हिरवे, पिवळे, लाल असे पट्टे आहेत. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. परंतु हे पट्टे विमानतळ आणि सुरक्षास्थळे डोळ्यांपुढे ठेवून आखलेले आहेत. बाग ही गोष्ट त्या नकाशाला ठाऊक नाही. तिथे पाळणाघरातली मुले येतात, चालायला निवृत्त माणसे येतात, वडावर वटवाघळे लटकलेली असतात, याचा कोणताच रंग नाही. राज्य सरकारला वा पोलिसांना तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो, तोही एका वेळी ९६ तासांपुरता आणि पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने.

मुंबईत त्यामुळे पोलिसांचे मनाई आदेशच कामी येतात. पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. ड्रोन, पॅराग्लायडर, उष्ण हवेचे फुगे अशी यादी त्यांत असते आणि कारण सुरक्षेचे असते. बागेतल्या शांततेसाठी काढलेला असा आदेश माझ्या वाचनात आलेला नाही. जानेवारीत पतंगांचे दिवस आले की पोलीस नायलॉनच्या मांज्यामागे लागतात, कारण गळे चिरतात ते त्याने. पतंगाला, तो कायद्याने विमान असूनही, कोणी हात लावत नाही.