फावल्या वेळचा इतिहास

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका प्रदर्शनात आम्ही एक अष्टपाद विकत घेतला. ऑक्टोपस या नावाने जो आठ हातांचा सागरी प्राणी सर्वांस ठाऊक आहे, त्याचीच ही प्रतिमा. मात्र ती मुठीत मावेल एवढी, तांबड्या सुती दोऱ्याने क्रोशावर विणलेली आणि आत कापूस भरून गुबगुबीत केलेली होती. विक्रीस बसलेल्या बाईंनी ३०० रुपये सांगितले. आम्ही सवयीप्रमाणे घासाघीस केली, आणि यंत्रावर झालेली खेळणी याहून पुष्कळ स्वस्त मिळतात असेही वर ऐकवले. बाई रागावल्या नाहीत. २०० रुपये घेऊन त्यांनी अष्टपाद कागदात गुंडाळला आणि देता देता म्हणाल्या, “काका, हे यंत्रावर होतच नाही. घरी जाऊन टाके मोजा, म्हणजे कळेल मी जास्त सांगितले का ते.”

औद्योगिक क्रांतीचा इतिहास शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्यास हे वाक्य बोचल्यावाचून कसे राहील? आम्ही चौकशी केली, तो बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. दोन सुयांवरील विणकाम यंत्राच्या हाती केव्हाच गेले. विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली तयार केले होते. जाळीदार लेस विणण्याच्या यंत्राचे पेटंट जॉन हीथकोटने १८०९ साली घेतले, आणि १८१६ मध्ये पोट जाण्याच्या भीतीने पेटलेल्या कारागिरांनी त्याचा लफबरो येथील कारखाना फोडला. क्रोशासाठी मात्र कोणाला कारखाना फोडावा लागला नाही, कारण तसा कारखाना निघालाच नाही. बाजारात ‘क्रोशा’ म्हणून जे यंत्राचे कापड मिळते ते दिसण्यापुरते तसे असते. त्याची वीण निराळी असते.

याचे कारण टाक्याच्या रचनेत आहे. सुयांवरील विणकामात एका ओळीचे सारे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. अशा रांगेने उभ्या असलेल्या टाक्यांवर यंत्राचे राज्य सहज चालते. क्रोशात आकड्यावर बहुधा एकच फास उरतो. प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा होतो, आणि पुढचा टाका आधीच्या विणीत कोठेही, कोणत्याही दिशेने आकडा खुपसून उचलता येतो. ती जागा डोळा शोधतो आणि बोट चाचपते. हे स्वातंत्र्य यंत्राला अद्याप साधलेले नाही. तेव्हा जगात कोठेही क्रोशाचे खेळणे दिसले, तर ते कोणा माणसाने बसून विणलेले आहे हे निश्चित समजावे.

क्रोशा हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ लहान आकडा. ही कला फार प्राचीन असावी असा समज आहे; परंतु आज ज्या अर्थाने आपण क्रोशा म्हणतो त्या अर्थाची, त्या नावाने छापलेली सर्वांत जुनी ज्ञात कृती ‘पेनेलोपे’ या डच मासिकात १८२३ साली आली, आणि तीही रेशमी बटव्यांची. म्हणजे आरंभी हा सुखवस्तू स्त्रियांचा विरंगुळा होता. त्याचे पोट भरण्याचे साधन कसे झाले, याची हकीकत आयर्लंडात घडली.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे अन्न त्या एका पिकावर होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि त्याहून कमी नव्हेत इतकी देश सोडून गेली. अशा वेळी काही ख्रिस्ती मठांनी आणि पाद्र्यांच्या कुटुंबांतील स्त्रियांनी उपासमारीत सापडलेल्या मुलींच्या हाती क्रोशाचा आकडा दिला. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन मठाचे आणि क्लोन्स गावी हे काम सुरू करणाऱ्या कॅसँड्रा हँड या बाईंचे नाव या संबंधात घेतात. व्हेनिसची सुईने विणलेली लेस युरोपातील श्रीमंतांत प्रसिद्ध होती. परंतु तिचा वीतभर तुकडा करण्यास फार काळ लागे. आकड्याने तिच्यासारखी दिसणारी वीण त्या मानाने लवकर होई. कोणी केवळ गुलाब विणी, कोणी केवळ पाने, आणि तिसरी कोणी ते सारे जाळीत जोडी. हा माल लंडन-पॅरिसच्या दुकानांत जाऊन तेथील स्त्रियांच्या गळपट्ट्यांवर आणि बाह्यांवर मिरवू लागला. त्या पैशावर कितीएक कुटुंबे जगली, आणि कितीएकांचे अमेरिकेचे भाडे त्यातून निघाले.

पण येथेच इतिहासाने एक खोच मारून ठेवली आहे. खऱ्या लेसची स्वस्त नक्कल म्हणून ही कला बाजारात शिरली, आणि ‘स्वस्त’ हा जो शिक्का तिच्या कपाळी बसला तो पुढे पुसला गेला नाही. शिवाय काम घरी बसून, चूल आणि मूल सांभाळून होई. तेव्हा त्यास धंदा म्हणण्याची कोणास गरज वाटली नाही.

हाच प्रकार आपल्या देशात नरसापूरला घडला. आंध्रातील गोदावरीच्या मुखाजवळील या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस आणली, आणि कालांतराने ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील कामकरणींविषयी १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दिसले ते असे: हजारो स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, त्या मालावर व्यापारी गबर होत होते, आणि तरीही व्यापाऱ्यांच्या व सरकारी कागदांच्या लेखी त्या कामकरी नव्हत्याच. त्या गृहिणी होत्या, आणि लेस हे त्यांच्या फावल्या वेळचे काम होते. जे काम फावल्या वेळचे ठरले, त्याची मजुरीही फावल्या वेळचीच ठरते, हे उघड आहे.

आता आमच्या अष्टपादाकडे वळू. अशी लहान भरीव खेळणी विणण्याची रीत मुख्यतः जपानात वाढली. तेथे तिला ‘अमिगुरुमी’ म्हणतात. विणणे आणि कापूस भरलेले खेळणे या अर्थांच्या दोन जपानी शब्दांपासून हा शब्द झाला. चालू शतकात ही रीत जगभर पसरली. कृती ऐकण्यास सोपी आहे. एका फासात सहा टाके घालून वर्तुळ करावयाचे, आणि प्रत्येक फेरीस सहा टाके वाढवावयाचे. असे करीत गेल्यास सपाट चकती होते. वाढ थांबवली की कडा वळून वाटी होते, आणि तेच अष्टपादाचे डोके. उलट वाढ अधिक केली की कडेस जागा पुरत नाही व चुण्या पडतात. अष्टपादाचे हात जे पिळदार दिसतात ते याच युक्तीने: साखळीच्या प्रत्येक कडीत एकाऐवजी दोन-दोन टाके घातले की ती आपोआप मळसूत्रासारखी वळते.

या चुण्यांत किती मोठे गणित दडले आहे, हे १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातील डायना टाइमिना या विदुषीने दाखवले. युक्लिडाहून निराळ्या ज्या भूमितीत एका रेषेस एकाच बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात, तिचे पृष्ठ हाताळता येईल असे करून दाखवण्यास गणितज्ञांची फार ओढाताण होई. कागदाचे नमुने लवकर फाटत. टाइमिनांनी ते पृष्ठ क्रोशावर विणले. पुढे २००५ साली मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या भगिनींनी त्याच पद्धतीने समुद्रातील प्रवाळांची बेटे विणण्याचा उपक्रम आरंभला. कारण प्रवाळ आणि समुद्रगोगलगाई यांच्या अंगावरील चुण्या त्याच जातीच्या असतात. जी वीण गृहिणींचा विरंगुळा म्हणून हिणवली गेली, तिने गणिताच्या वर्गातील अडचण दूर केली.

या खेळण्याने दुसरीही एक वाट धरली. डेन्मार्कमध्ये २०१३ साली काही स्वयंसेवकांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी क्रोशाचे अष्टपाद विणून रुग्णालयांस देण्यास प्रारंभ केला. त्याचे पिळदार हात मुठीत धरल्याने बाळास नाळेची आठवण होते, ते शांत राहते आणि अंगास लावलेल्या नळ्या ओढीत नाही, असा त्यांचा अनुभव. शास्त्राच्या कसोटीस हे म्हणणे अद्याप पुरेसे उतरलेले नाही, आणि घरी निजलेल्या तान्ह्या मुलाच्या पाळण्यात मऊ खेळणी ठेवू नयेत असेच वैद्य सांगतात. तथापि आमच्या वाचक भगिनींस या कल्पनेत आपला बाळंतविडा ओळखू आल्यावाचून राहणार नाही. न पाहिलेल्या मुलासाठी टोपडे विणीत बसलेली आजी आपल्याकडे घरोघर होती. त्या टोपड्याची किंमत तिने कधी मागितली नाही, आणि म्हणूनच त्याला किंमत असते हे आम्ही विसरलो.

घरी आल्यावर आम्ही अष्टपाद सौभाग्यवतींपुढे ठेवला. चाळीस वर्षे त्यांच्या हातात क्रोशा आहे, आणि चारचौघांत त्याचा उल्लेख आम्ही नेहमी ‘यांचा फावल्या वेळचा छंद’ असा करीत आलो. त्यांनी चष्मा लावला आणि टाचणीने मोजीत गेल्या. डोक्याचे टाके ५०४ भरले. प्रत्येक हाताला ३० साखळ्या आणि त्यांवर ६० टाके, असे आठ हातांचे मिळून ७२०. एकूण १,२२४. “माझा हात चालता असला तरी एक दिवस सबंध जाईल,” त्या म्हणाल्या, “आणि स्वयंपाक तुम्ही केलात तर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रदर्शनाच्या जागी गेलो. मांडव उतरवण्याचे काम चालू होते, आणि बाईंचे नाव वा गाव आम्ही विचारून ठेवलेले नव्हते. अष्टपाद आता आमच्या मेजावर, औद्योगिक क्रांतीवरील ग्रंथांच्या रांगेपुढे बसलेला असतो. त्याच्याखाली शंभराची एक नोट ठेवली आहे. ती आमची नाही.