ठाण्याच्या तळ्यांचे पैसे कोण देतं?

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय: गच्चीवर सोलर पॅनल. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये सबसिडी आहे. चेअरमन काका म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, अर्ज तूच भर." ठीक आहे, भरतो. पण त्याच गच्चीवर बिल्डरने बसवलेलं सोलर वॉटर हीटर आहे. पाइप गळायला लागला तेव्हापासून बंद. ते दुरुस्त करायला कुठलीच योजना नाही.

मीटिंग संपवून मी टेंभी नाक्यावर चहा घेतला आणि जांभळी नाक्यावरून तलावपाळीला चालत गेलो. तिथे कठड्यावर बसून डोक्यात आलं, या तळ्यांचे पैसे आजवर कोणी दिले? आजचा भाग त्याच्यावर.

थोडं मागे जाऊ. म्हणजे हजार वर्षं. टेंभी नाक्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ठाण्याचं जेल आहे. मुळात तो किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 साली मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. इंग्रजांनी तिथे नव्या बांधकामाचा पाया खणला तेव्हा जमिनीतून तांब्याचे पत्रे निघाले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने आपला पहिला खंड 1788 साली छापला, त्यात या पत्र्यांचं भाषांतर आहे. शिलाहार राजा अरिकेसरीचा दानलेख, शके 939, म्हणजे 1017 साल. ठाण्याचं नाव तेव्हा श्रीस्थानक.

हे काही पर्यावरण अनुदान नव्हतं हां. राजाने इथल्याच एका ब्राह्मणाला जमीन दिली होती, बस. पण अशा लेखांची रचना बघा. जमिनीच्या चारही सीमा लिहितात, कुठे डोंगर, कुठे नदी. आणि शेवटी ठरलेले श्लोक येतात. त्यांचा अर्थ असा की जमीन ज्याच्या ज्याच्या ताब्यात असेल, त्याला त्याला या दानाचं पुण्य मिळेल. आणि जो दान मोडेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल.

मला हसू आलं, पण नंतर वाटलं की हे हुशारीचं काम आहे. देणाऱ्याला माहीत होतं की आपण मरणार, घराणं बदलणार. म्हणून त्याने पुढच्या, अजून जन्मालाही न आलेल्या राजाला कागदावर, सॉरी, तांब्यावर बांधून घेतलं.

आता एकदम अलीकडे येऊ. ठाण्यात एके काळी साठ तळी होती असं सांगतात, आता साधारण पस्तीस धरतात. महापालिका झाली 1 ऑक्टोबर 1982 ला. त्यानंतर शहर घोडबंदरच्या दिशेने सुटलं, तळ्यांत सांडपाणी आणि गाळ. केंद्राची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना होती, तिच्यात ठाण्याची 9 तळी एकत्र घेतली गेली. मंजूर रक्कम 2 कोटी 53 लाख. त्याच योजनेत पवईच्या एकट्या तलावाला 6 कोटी 62 लाख मंजूर झाले होते. योजनेचा साचा 70:30, म्हणजे सत्तर टक्के केंद्र, बाकीचे राज्य आणि पालिका. कामं म्हणजे गाळ काढणं, सांडपाणी वळवणं, काठ बांधणं, पाण्यात हवा खेळवणं.

आणि आता ती ओळ, जिच्यासाठी हा भाग केला. काम पूर्ण झाल्यावर देखभालीचा खर्च राज्याने किंवा पालिकेने करायचा. केंद्राचा पैसा तळं नीट करायला, सांभाळायला नाही. 2013 मध्ये ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली. गाळ मात्र दर पावसाळ्यात येतोच. आमच्या धंद्यातही हेच चालतं. नवीन फीचरला बजेट मिळतं, जुना कोड सांभाळणाऱ्याला "तू नक्की काय करतोस?" असं विचारतात.

राज्याने वेगळी वाट धरली, बक्षिसाची. 2000 साली आर. आर. आबांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आधी गाव साफ करा, मग पैसे. 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेलं 'माझी वसुंधरा' त्याच जातीचं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश यांवर गुण. पहिल्याच वर्षी अमृत शहरांत ठाणे पहिलं आलं. आनंद आहे, पण परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारे आपण सगळेच आहोत.

मला तिसरा प्रकार जास्त पटतो. पुण्यात सोलर, पाऊसपाणी, गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सूट मिळते, तीही दरवर्षी. मग कोणीतरी गच्चीवर चढून यंत्र चालू आहे का, हे बघायला हवं. पुण्यात प्रकल्प बंद सापडला म्हणून सूट काढून घेतल्याच्या बातम्याही आल्या. तो सरकारी चढउतार मला साठ हजार वर्षांच्या शापापेक्षा कामाचा वाटतो. आपल्याकडचं उदाहरण गणपतीचं. विसर्जनासाठी ठाणे पालिका कृत्रिम तलाव बांधते, आणि त्याचा खर्च वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा करते. उद्घाटनाची पाटी नाही, पण मूळ तळ्यात जाणाऱ्या मूर्ती कमी होतात.

तर, अर्ज मी भरलाय. ठरावाच्या मसुद्यात एक ओळ जास्तीची घातलीय: दर फ्लॅटमागे महिना 50 रुपये, वेगळ्या खात्यात, फक्त दुरुस्तीसाठी. काल काकांना वाचून दाखवली. म्हणाले, "अरे, आधी पॅनल तर येऊ दे."

पुढच्या रविवारी मतदान आहे.