केळफा, वाटाणा आणि फिनलंडचा लोहार

आजचा भाग पिंप्राळ्याहून, माझ्या गच्चीवरून. मागे भोंगा वाजला, कुत्रं भुंकलं, तर चालवून घ्या.

विषय निघाला एका भांडणातून. माझा मावसभाऊ कानबाईवर शॉर्टफिल्म करतोय. आपली कानबाई, श्रावणातली, नारळाला नथ-दागिने घालून बसवतात ती. आणि याला त्यात जपानी ॲनिमेसारखी हवेतली मारामारी हवी. मावशी म्हणाली, "देवीला कुस्त्या खेळायला लावतो का रे?" दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरातला इंजिनिअर मी. कोडिंगवाल्याला देवीचं काय कळतं! पण विचार करावा लागला.

मला आठवला एक फिनिश सिनेमा. 'जेडसोतुरी', म्हणजे जेडचा योद्धा, 2006 चा. फिनलंडचं राष्ट्रीय महाकाव्य 'कालेवाला'. एलियास ल्योनरोट नावाचा डॉक्टर गावोगाव फिरला, म्हाताऱ्या गायकांकडून गाणी टिपून घेतली, ती जोडून 1835 मध्ये पुस्तक काढलं आणि 1849 मध्ये वाढवलेली आवृत्ती. त्यात इल्मारिनेन नावाचा लोहार आहे. तो 'साम्पो' नावाचं जादूचं यंत्र घडवतो. दिग्दर्शक ए. जे. अन्निला यांनी काय केलं, हा लोहाराचा धागा उचलून थेट प्राचीन चीनमध्ये नेला! तारांवर लटकून तलवारबाजी, झाडांवरून उड्या, जसं 2000 च्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये आहे तसं. नायक फिनिश, नायिका झांग जिंगचू ही चिनी अभिनेत्री, आणि निर्मितीतही चीनचा वाटा.

ऐकायला विचित्र वाटतं ना? मलाही वाटलं. मग लक्षात आलं की आपल्याकडे असा प्रकार याच्या नव्वद-पंच्याण्णव वर्षं आधी होऊन गेलाय, आणि करणारा माणूस त्र्यंबकेश्वरचा होता.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 30 एप्रिल 1870. नाव सगळ्यांना माहीत, पुरस्कारामुळे. पण माणूस म्हणून भयंकर इंटरेस्टिंग. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुढे छापखाना. आणि मध्ये एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून घेतली. जादूचे प्रयोग करायचे 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके उलटं वाचा. कळलं?

छापखान्यातल्या भागीदारीत बिनसलं. पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. अशात 1910-11 च्या सुमारास मुंबईत गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. फाळक्यांनी पुढे लिहून ठेवलंय की पडद्यावर ख्रिस्त चालला होता, पण डोळ्यांपुढे त्यांना राम आणि कृष्ण दिसत होते. दुसऱ्या खेपेला बायकोला, सरस्वतीबाईंना, घेऊन गेले. या माणसाला तिथे धर्म नाही दिसला, यंत्र दिसलं. म्हणजे तिकडच्या यंत्रात इकडची गोष्ट घातली तर चालेल, एवढंच.

पुढचे महिने सिनेमा बघण्यात आणि त्याबद्दल वाचण्यात गेले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला निघाले. तिथे ओळखदेख कोणाची नाही. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादकाला भेटले, त्याने सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओशी गाठ घालून दिली. विल्यमसनचा कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र घेतलं, एप्रिलपर्यंत परत.

पैसे कोण देणार? मग त्यांनी वाटाण्याचं रोप कुंडीत लावलं आणि महिनाभर ठरावीक वेळाने त्याची फ्रेम घेत राहिले. पडद्यावर अंकुर भसाभस वाढताना दिसला. आज आपण त्याला टाइमलॅप्स म्हणतो, फोनमध्ये एका बोटावर होतं. तो तुकडा बघून कर्ज मिळालं. माझ्या मते हा देशातला पहिला डेमो. बाकी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण.

सरस्वतीबाईंबद्दल जरा थांबतो. दिवसभर युनिटचा स्वयंपाक, शूटिंगच्या वेळी उजेड परावर्तित करायला पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं, रात्री फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं. श्रेयनामावलीत कुठे असतील त्या?

'राजा हरिश्चंद्र'मध्ये काम करायला बाई मिळेना, तर ग्रँट रोडच्या एका हॉटेलातल्या आचाऱ्याला, अण्णा साळुंकेला, तारामती केलं. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला. आता कोणी म्हणेल, पहिला सिनेमा तर दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक', मे 1912 चा. बरोबर आहे, पण तो रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण, कॅमेरामन ब्रिटिश. मला हा 'पहिला कोण' वाद फार कामाचा वाटत नाही. वेगळेपण आहे ते केळफा प्रोफेसरमध्ये.

कारण फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस हाही आधी जादूगारच. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, परत चालू करायचा, म्हणजे माणूस गायब! फिल्म दोनदा उजेडात आणायची, म्हणजे भूत तयार. युरोपात त्या युक्त्यांनी पऱ्या आणि चंद्रावरची माणसं आली. फाळक्यांच्या हातात त्यांनी हनुमान उडाला. 'लंकादहन' 1917 चा, त्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. 'कालिया मर्दन' 1919 चा, कृष्ण झाली फाळक्यांची लेक मंदाकिनी. लोक पडद्यावर राम आला की चपला काढून नमस्कार करायचे, असं सांगतात. युक्ती फ्रेंच की कॅमेरा इंग्रजी, कोणी विचारलं नाही.

इथेच मला 'जेडसोतुरी'शी फरक दिसतो. तिकडे जोड दिसते: इथे फिनलंड, इथे चीन. फाळक्यांकडे जोड दिसतच नाही, कारण परकी होती ती फक्त हत्यारं. गोष्ट कुठून कुठे जाणार, कोणाचा चेहरा दिसणार, हे त्यांच्या घरातलं होतं. चिनी तलवारबाजी मात्र नुसतं हत्यार नाही, त्यात त्यांचं आयुष्य, त्यांची गुरुपरंपरा आहे. तीत दुसऱ्याची दंतकथा बसवायची तर दोन्ही घरं ओळखीची हवीत.

'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांतली जेमतेम दोनच आज उरलीत, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही 1917 मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत. फाळके 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला गेले.

हे सगळं मावसभावाला सांगितलं. म्हटलं, ॲनिमेचा कॅमेरा घे, उड्या घे, हरकत नाही. पण कानबाई कोणाशी लढते, का लढते, ते आधी मावशीला विचार. तो म्हणाला, "हाव भो, पण मावशी बोलतच नाही माझ्याशी." मग मीच गेलो. मावशी रोटांसाठी गहू निवडत होती. गोष्ट पूर्ण सांगायला तिला दीड तास लागला, आणि त्यात मारामारी एकही नव्हती. रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे. पुढच्या भागात तिच्या परवानगीने ऐकवतो.